मावशींची राख

मरळ हातात ठरत नाही. आमच्या राहू गावच्या भोई आळीतल्या मावशी तिला आधी चुलीतली राख चोळायच्या, मगच विळीवर धरायच्या. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा मासे मागायला मी त्यांच्याच दारात गेलो. दर रविवारी त्या माझ्यासाठी नर-मादी निवडून ठेवायच्या. पैसे कधी घेतले नाहीत.

एका आषाढात त्यांनी पाटावर रोहू आणि मरळ शेजारीशेजारी उघडून ठेवले. दोन्ही नर. रोहूच्या पोटात पांढऱ्या चिकानं तटतटलेल्या दोन जाड लडी; मरळीच्या पोटात त्याच जागी सुतळीएवढं काहीतरी.

"मावशी, हिचं एवढंसंच का?"

"मरळीचं जोडपं असतं, लेकरा. दुसरा नर जवळ येऊच देत न्हाईत. मग जास्तीचं कशाला लागतंय?"

मुळा-मुठेच्या काठाला, लव्हाळ्यात, मरळीच्या पिलांचा तांबडा पुंजका आणि खाली राखण करणारे आईबाप मला त्यांनीच दाखवले होते. पुंजका दिसला की तिथं घरचं जाळं त्या पडू द्यायच्या नाहीत. रोहूची तऱ्हा वेगळी. पुराच्या पाण्यात एका मादीमागं अनेक नर लागतात. मादी वजनाच्या किलोमागं दोन-अडीच लाख अंडी पाण्यात सोडते आणि ज्याचा चीक जास्त, त्याची पिलं जास्त.

जेफ पार्कर या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1970 साली किड्यांच्या अभ्यासातून हीच गोष्ट मांडली: मादीला अनेक नर भेटत असतील, तर नरांची चढाओढ समागमापाशी थांबत नाही, पुढं शुक्रजंतूंमध्येही चालू राहते. एम.एस्सी.ला ते वाचलं तेव्हा मला पाटावरचे ते दोन मासे आठवले.

चिलापीही मावशींनीच समजावली. 1952 साली आपल्या देशात आणलेला हा आफ्रिकेचा मासा. नर तळाला खड्डा करून एकामागून एक माद्या बोलावतो. त्याचं अंग काळं, जबडा दांडगा. मादी मात्र अंडी तोंडात घेऊन निघून जाते. तोंडात मावतील तेवढीच, म्हणून थोडी आणि टपोरी. एकदा मादी धुताना मावशींच्या ओंजळीत तिच्या तोंडातून पिवळी अंडी सांडली. विळी बाजूला सारून त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.

प्रबंध बांधून आला तेव्हा तो घेऊन गेलो. त्यांनी हात पुसले, पानं उलटली, मरळीच्या चित्रावर बोट ठेवलं.

"ही आपलीच न्हवं?"

त्या पानावर त्यांच्या नखाला चिकटलेला एक खवला राहिला. तो अजून तिथंच आहे.