कोरलेला बांध

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप दादांस,


तुमचे पत्र पोहोचले. इतकी वर्षे नेमाने मतदान करणारा तू, आताशा आपल्या मताविषयी असा खिन्नतेने का लिहितोस, हा जो प्रश्न तुम्ही केला आहे, त्याचे उत्तर टेलिफोनवर देण्याजोगे नव्हे, म्हणून आज सकाळीच कागद पुढे ओढला. तुमची उभी हयात महसूल खात्यात गेली. मोजणीचे नकाशे, हद्दीच्या निशाण्या आणि भाऊबंदांचे तंटे यांतच तुमचे केस पिकले. त्यामुळे माझे दुःख तुम्हांस जितके चटकन उमगेल तितके इतर कोणास उमगणार नाही. कारण ते मुळात बांध कोरला गेल्याचे दुःख आहे.

येथील प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद असतात आणि दर दहा वर्षांच्या खानेसुमारीनंतर त्यांचे मतदारसंघ नव्याने आखावे लागतात. आपल्याकडे हे काम सर्वोच्च न्यायालयाच्या आजी वा माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील आयोगाकडे जाते. येथे मात्र बहुतेक राज्यांत ते विधिमंडळाच्याच स्वाधीन असते, म्हणजे ज्याला शेत हवे आहे त्याच्याच हाती मोजणीची साखळी. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी स्वपक्षाच्या सोयीचा असाच एक कायदा मंजूर केला. त्यातील एका मतदारसंघाची वेडीवाकडी आकृती सॅलमँडर नामक सरड्यासारख्या प्राण्याशी जुळते असे पाहून तत्कालीन वृत्तपत्राने दोन्ही नावांचा सांधा केला आणि 'गेरीमँडर' हा शब्द रूढ झाला. युक्ती तेव्हाचीच आहे: विरोधी मतदार मोजक्या मतदारसंघांत ठासून भरावयाचे, उरलेले इतरत्र पातळ करून पसरावयाचे. फरक इतकाच की गेरींच्या काळी जे काम अंदाजाने चाले ते आता गणकयंत्र घराघराच्या बारकाव्याने करते.

२०११ साली मिशिगनमध्ये जो नकाशा झाला त्यात आमचे गाव चौदाव्या मतदारसंघात गेले. डेट्रॉइटच्या पूर्वेस सरोवराकाठी वसलेल्या ग्रोस पॉइंटपासून निघून, शहरातून वळसे घेत, साउथफील्ड आणि आमचे गाव यांना कवेत घेऊन तो पुन्हा वर पॉन्टिअॅकपर्यंत जाई. असा नकाशा तुमच्या कचेरीत कोणी आणला असता, तर मोजणीदारास तुम्ही उभे करून जाब विचारला असता. पुढे त्या नकाशाविरुद्ध जो खटला चालला त्यात काही ई-पत्रे उघडकीस आली, आणि आग्नेय मिशिगनच्या चार मतदारसंघांत कोंबावयाच्या विरोधी मतदारांना त्यांपैकी एकात 'कचरा' असे संबोधले होते. दादा, नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी तुम्हांला आठवून डोळे पुसले होते. आणि आता कळत होते की राज्य चालविणाऱ्यांच्या दप्तरी माझी नोंद या शब्दाने झाली आहे. माझे शेजारी, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टूलमेकर, आजन्म रिपब्लिकन पक्षाला मत देणारे. या रचनेत त्यांचे मत तर माझ्याहूनही व्यर्थ, कारण निकाल काय लागणार हे मतपेटी उघडण्यापूर्वीच ठरलेले असे.

ज्याची जागा अशी निर्धोक आहे त्याला मतदाराचे भय उरत नाही. भय उरते ते स्वपक्षातील अधिक कडव्या प्रतिस्पर्ध्याचे, आणि मग तडजोड हा शब्द उच्चारणेही त्याला परवडत नाही. आज केंद्र सरकारचा कारभार बंद पडून चाळीस दिवस झाले. विमानांची वाहतूक सांभाळणारे कर्मचारी पगाराविना कामावर येत आहेत. याचे सगळे खापर नकाशांवर फोडणे अन्यायाचे होईल, परंतु ज्यांना घरी पाठविले जाण्याची धास्ती नाही अशा माणसांनी भरलेल्या सभागृहाकडून निराळे वर्तन अपेक्षिण्यात काय हशील?

असे असूनही मी हातपाय गाळून बसलेलो नाही, आणि त्याचे कारण २०१७ सालच्या शरद ऋतूत आहे. मिशिगनच्या १९६३ च्या राज्यघटनेने नागरिकांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती थेट मतदानास टाकण्याचा अधिकार दिला आहे. त्या वर्षी राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या काही तरुण मंडळींनी, मतदारसंघ आखण्याचे काम विधिमंडळाच्या हातून काढून घेण्यासाठी, तो वापरावयाचे ठरविले. सव्वातीन लाखांच्या आतबाहेर सह्या हव्या होत्या, आणि बिनपगारी स्वयंसेवकांनी चार महिन्यांत सव्वाचार लाखांहून अधिक जमविल्या. मीही शनिवारच्या भाजीबाजाराबाहेर फळी आणि पेन घेऊन उभा राहत असे. आपल्या उच्चारामुळे लोक ऐकून घेतील की नाही या शंकेने पहिल्या दिवशी माझा घसा कोरडा पडला होता. तेवढ्यात ते शेजारी सफरचंदांची पिशवी घेऊन आले, त्यांनी संपूर्ण मजकूर सावकाश वाचला, सही केली, आणि "दुसरी फळी आहे का?" असे विचारून दुपारपर्यंत माझ्या बाजूला थंडीत उभे राहिले.

२०१८ च्या नोव्हेंबरात ६१ टक्के मतांनी ती दुरुस्ती मंजूर झाली. आता नकाशे आखण्यासाठी चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि कोणत्याही पक्षाचे नसलेले पाच, असे तेरा सामान्य नागरिक अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकल्यागत निवडले जातात. पुढारी, उमेदवार आणि वशिल्याचा धंदा करणारे यांना त्यात मज्जाव आहे. हे तेराजण निर्दोष ठरले असे मी म्हणणार नाही: डेट्रॉइट परिसरातील तेरा विधिमंडळ मतदारसंघ वर्णाच्या आधारे आखल्याचा ठपका ठेवून न्यायालयाने २०२३ अखेर ते रद्द केले आणि पुन्हा आखावयास लावले. परंतु चूक उजेडात झाली, उजेडातच दुरुस्त झाली. २०२२ मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांत जवळजवळ चाळीस वर्षांनी डेमोक्रॅटांचे बहुमत आले, २०२४ मध्ये त्यांतील एक पुन्हा रिपब्लिकनांकडे गेले. आणि विश्वास ठेवा, ज्या दिवशी मी मत दिलेला पक्ष हरला त्या दिवशीही मला समाधान वाटले, कारण तो मतांनी हरला होता.

खंत आहे ती याची की हा मार्ग सर्वांना मोकळा नाही. टेक्ससच्या नागरिकास सह्यांचा असा अधिकारच नाही, आणि अखिल राष्ट्राच्या पातळीवर तर तो कोणासही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पाचास चार अशा मताने, पक्षीय हेतूने आखलेल्या मतदारसंघांत केंद्रीय न्यायालये लक्ष घालू शकत नाहीत, असा निर्णय दिला. प्रत्येक राज्यात स्वतंत्र आयोग नेमण्याची तरतूद असलेले विधेयक २०२१ साली प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये चर्चा थांबविण्यास लागणारी ६० मते न मिळाल्याने तेथेच अडकले. आणि यंदा ऑगस्टात टेक्ससने खानेसुमारीची वाटही न पाहता रिपब्लिकनांना पाच जागा अधिक मिळाव्यात असा नकाशा केला, त्याचा वाद न्यायालयात आहे. त्याला प्रत्युत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी गेल्या मंगळवारी स्वतःच उभारलेल्या स्वतंत्र आयोगाचे नकाशे २०३० पर्यंत बाजूस ठेवण्यास संमती दिली. त्यांचा संताप मला समजतो. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. एकाने बांध कोरला म्हणून दुसऱ्यानेही कुदळ उचलली, की अखेरीस दोघांच्या मधली वाट नाहीशी होते, हे तुमच्याच तोंडून लहानपणापासून ऐकत आलो आहे.

काल संध्याकाळी शेजारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि आम्ही दोघांनी मिळून आमच्या प्रतिनिधीस आणि दोन्ही सिनेटरांस पाठवावयाच्या अर्जाचा मसुदा केला: सर्व राज्यांत एकाच वेळी, एकाच कायद्याने, स्वतंत्र आयोग नेमावेत, एवढीच मागणी. सोबत त्याची नक्कल जोडली आहे. इंग्रजी अर्ज तुम्ही आयुष्यभर वाचलेत; जेथे भाषा सैल वाटेल किंवा मुद्दा निसटेल तेथे तांबड्या पेन्सिलीने खूण करून लवकर परत पाठवा, तोवर आम्ही सह्या थांबविल्या आहेत.

वहिनींस नमस्कार.

तुमचा धाकटा भाऊ