समुद्रावरचे सोवळे

लंडनहून न्यूयॉर्कला विमान आठ तासांत पोहोचते. आम्ही उभयतांनी मात्र साउथॅम्प्टनहून सात रात्रींचा जलमार्ग पत्करला. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या चिरंजीवांनी ‘क्वीन मेरी २’ या बोटीची तिकिटे धाडली आणि सोबत एक सूचनाही धाडली : “बाबा, एक सूट शिवून घ्या. बोटीवर संध्याकाळी सहानंतर पोशाखाचा नियम असतो.” या एका ओळीवरून आमच्या इंदूरच्या घरात जी चर्चा सुरू झाली, ती बोट धक्का सोडीपर्यंत काही संपली नाही.

आमच्या नाराजीला जुने कारण होते. आमचे वडील होळकर संस्थानच्या नोकरीत उमेदवारी केलेले. पुढे संस्थान विलीन झाले, पण धोतर, बंद गळ्याचा कोट आणि खांद्यावर जरीकाठी उपरणे हा त्यांचा वेश सुटला नाही. १९६२ साली एका स्नेह्यांनी मुलाच्या लग्नाची मेजवानी एका क्लबात दिली. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो आणि नवे बूट घालून वडिलांचे बोट धरून गेलो होतो. दारावरच्या माणसाने सौम्य शब्दांत सांगितले, की धोतर नेसून आत जाता येणार नाही. मुलगा जाऊ शकेल. वडील काही बोलले नाहीत. परत येऊन त्यांनी आईला पिठले टाकायला सांगितले. तेव्हापासून सूट म्हटला की आम्हाला ते दार आठवते.

सौ.पुढे हा प्रश्नच नव्हता. तिने दोन माहेश्वरी साड्या काढल्या. अहिल्याबाईंनी महेश्वरी विणकर आणून वसवले तेव्हापासून चालत आलेले ते दोन्ही बाजूंनी नेसता येणारे काठ, त्यामुळे “दोन साड्यांत चार रात्री निभावतील,” असा तिचा हिशेब. आमच्यासाठी मात्र नियमावली पुन्हा वाचावी लागली. सात रात्रींपैकी दोन रात्री खास समारंभाच्या. त्या दिवशी पुरुषांनी काळे डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय घालावा. अथवा, पुढचे वाक्य आम्ही दोनदा वाचले, आपल्या देशाचा औपचारिक पोशाख करावा. आम्ही राजवाड्याजवळच्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेलो आणि काळ्या कापडाचा बंद गळ्याचा कोट शिवून घेतला. वडिलांचे उपरणे पेटीतून काढून बॅगेत ठेवले.

ही बोट २००४ साली प्रवासाला लागली. लांबी ३४५ मीटर, म्हणजे शहरातली एखादी गल्लीच तरंगत चालली आहे असे वाटावे. पश्चिमेकडे जाताना बहुतेक रात्री घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. दिवस पंचवीस तासांचा झाला, की कपड्यांवर विचार करायलाही सवड मिळते.

समारंभाच्या पहिल्या दिवशी दुपारी आम्ही कोटाला इस्त्री करायला खाली गेलो. केबिनमध्ये इस्त्री वापरता येत नाही. त्यासाठी धुलाईच्या खोल्या आहेत. तेथे रांग लागलेली. आमच्यापुढे एक वृद्ध स्कॉटिश गृहस्थ शर्ट इस्त्री करीत होते आणि त्यांचा चौकड्यांचा किल्ट शेजारच्या खुर्चीवर निगुतीने घडी करून ठेवला होता. आमचे उपरणे पाहून त्यांनी चौकशी केली. गप्पा निघाल्या. १७४६ साली इंग्रज सरकारने कायदा करून हायलंडमधल्या पुरुषांना हा पोशाख करण्याची बंदी केली होती, सैन्यात असतील ते वगळून. ती १७८२ पर्यंत उठली नव्हती. आता तोच किल्ट समारंभाच्या पंक्तीला सन्मानाने चालतो. “माझे पूर्वज यासाठी तुरुंगात गेले असते,” असे म्हणून ते हसले आणि इस्त्री आमच्या हाती दिली.

त्यांच्या बोलण्यामुळे आम्हाला इतर पोशाखांचीही उत्सुकता लागली. ज्याला लोक आज परम औपचारिक समजतात ते डिनर जॅकेट मुळात सवलतीचे कापड होते. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीच्या नोंदीप्रमाणे १८६५ साली युवराजांनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनी, घरगुती जेवणासाठी लांब शेपटांऐवजी आखूड कोट शिवून घेतला. काळ्या पोशाखावर कमरेला जो रेशमी पट्टा बांधतात, त्याचे नाव तर आपलेच : कमरबंद. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उकाड्यात जाकीट सोसवेना, म्हणून त्यांनी तो उचलला. क्लबच्या दारावर वडिलांना अडवणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितले नसावे.

रात्री भोजनगृहात शिरलो. आमच्या खांद्यावर उपरणे, शेजारी सौ. माहेश्वरीत. दारावरच्या माणसाने मान लववून आत नेले. कोणी वळूनही पाहिले नाही, आणि हेच आम्हाला फार बरे वाटले.

पानावर बसल्यावर मात्र मन आमच्या आजोळच्या माजघरात गेले. जेवायला बसण्यापूर्वी पोशाख बदलण्याचा नियम आमच्या घरी इंग्रजांहून कडक होता. पुरुषांनी शिवलेले वस्त्र उतरवून कद किंवा मुकटा नेसायचा, मग पाटावर बसायचे. बोटीवर शिवलेला कोट घातल्याशिवाय पंक्तीला घेत नाहीत. तेथे शिवलेला सदरा असला तर घेत नसत. वडिलांचे एक सहकारी कधी जेवणवेळी आले, तर त्यांचे पान ओसरीवर मांडले जाई. त्यांनी वेश बदलला असता तरी त्यांना आत घेतले नसते, हेही कबूल केले पाहिजे. वडिलांना क्लबच्या दारात जे वाटले, ते त्या गृहस्थांना आमच्या ओसरीवर कितीदा वाटले असेल? हा विचार आमच्या मनात सत्तरी ओलांडल्यावर, अटलांटिकच्या मध्यावर यावा, याची लाज वाटली. सौ.ला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मामंजींनाही तो विचार आला असेल. म्हणून तर त्या रात्री ते गप्प होते.”

आता नियमाविषयी आमची तक्रार उरलेली नाही. जेवण हा प्रसंग आहे असे मानून माणसाने नीट कपडे करावेत, यात गैर नाही. बोटीवर ज्यांना तो सोहळा नको, त्यांच्यासाठी साध्या कपड्यांत जेवायची वेगळी जागा रोज उघडी असते. कोणी उपाशी राहत नाही. नियमाला असा दुसरा दरवाजा आहे की नाही, एवढेच पाहावे.

वाचकांपैकी कोणी या वाटेने जाणार असतील, तर त्यांनी सुटासाठी पैसे खर्चू नयेत. बंद गळ्याचा काळा कोट आणि घरातली चांगली साडी पुरे. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवाव्या लागतात; तेव्हा सकाळचे कपडे विसरून बॅगेत घालू नयेत. आम्ही कोट बॅगेत घातला. उपरणे तेवढे हातातल्या पिशवीत ठेवले, आणि पहाटे न्यूयॉर्कचा धक्का दिसू लागला तेव्हा वारा बोचरा होता म्हणून ते खांद्यावर घेतले.