स्वभावचित्र, गुण पाच

बालभारतीची पुस्तकं आमच्या घरात दरवर्षी नवी येत नसत. थोरल्याचं पुस्तक मधल्याकडे, मधल्याचं धाकट्याकडे आणि तिथून आत्याच्या मुलांकडे. त्यामुळे धडा वाचण्याआधीच समासात पेन्सिलीनं लिहिलेलं उत्तर भेटायचं. प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, स्वाभिमानी: ही चार विशेषणं कोणत्याही धड्यातल्या कोणत्याही सज्जनाला चालत. दुर्जन असला की तीच उलटी करायची. शेवटी 'यावरून आपल्याला असा बोध मिळतो की' एवढं लिहिलं की स्वभावचित्राचे पाच गुण पदरात.

गोष्टीतली माणसं खरी कळायची ती घरी, जेवणं आटोपल्यावर. 'चांदोबा'तला विक्रम-वेताळ काका मोठ्यानं वाचायचे. शंकर यांनी काढलेलं ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, आधी सगळ्यांनी बघून घ्यायचं. वेताळाचा प्रश्न आला की काका राजाचं उत्तर तळहाताखाली झाकत. "आता तुम्ही विक्रम. बोला, नाहीतर डोक्याची शकलं!" मग प्रत्येकानं सांगायचं, की तो माणूस असा का वागला. चांगला की वाईट, हे वेताळ क्वचितच विचारी. त्याला कारण हवं असायचं. राजाचं उत्तर न पटणारी मंडळीही आमच्यात बरीच होती.

'श्यामची आई' घरात होतंच. त्यातली पोहण्याची गोष्ट निघाली की दोन तट पडत. विहिरीला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून पोहायला धाडते. आजीचं म्हणणं, "बरोबरच केलं. उद्या लोकांनी भित्रा म्हटलं असतं त्याला." काकू म्हणायची, "अहो आत्याबाई, पोर घाबरलंय, त्याला आधी जवळ घ्यायचं की मारायचं?" आईचा करारीपणा आणि तिची माया ही एकाच बाईची, हे आम्हाला त्या भांडणात समजलं. पुस्तकाच्या समासात मात्र नुसतं 'करारी' होतं.

हिंदीतली प्रेमचंदांची 'ईदगाह' भेटली ती नंतर. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात श्यामच्या आठवणी लिहिल्या तेही १९३३ आणि ही कथाही त्याच वर्षाची, ही आपली एक गंमत. जत्रेत हमीद खिशातल्या तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण पोळ्या भाजताना आजीची बोटं भाजतात. वर्गात बोध ठरलेला: त्याग. ताईला ते पुरेसं वाटेना. तिचं म्हणणं, हमीदला खेळणी हवीच होती; हात लावायला मिळावा म्हणून तो किती आसुसतो! म्हणून तर परतताना चिमट्याची एवढी फुशारकी मारतो. मातीचे शिपाई-वकील फुटतील, माझा चिमटा वाघ आहे, असा वाद घालणारं ते पोर संतबिंत नव्हे, चांगलंच चलाख आहे. आम्हाला तर त्यामुळे हमीद जास्तच आवडू लागला. हे सगळं ताईनं सहामाहीच्या पेपरात लिहिलं. 'विषयांतर' असा लाल शेरा आणि अडीच गुण मिळाले.

विनोदी कथेपुढे तर ही पद्धत पार गडबडायची. मिरासदारांच्या 'व्यंकूची शिकवणी'वर हसून पोट दुखल्यावर बोध कुठून शोधायचा? तिथे काका सरळ म्हणत, "हसलात ना? झालं."

आता कृतिपत्रिकेत 'स्वमत' असतं. परवा धाकट्याची मुलगी विचारत होती, हमीदबद्दल स्वमत काय लिहू, गाईडमध्ये तीन मुद्दे दिलेत तेच लिहू का? आम्ही फोन ताईला जोडून दिला. "आधी मला सांग, तुला तो आवडला का?" ताईनं सुरुवात केली. "आवडला, पण जरा आगाऊ वाटला," पोरगी म्हणाली, आणि दोघींचं जे जुंपलं ते आमचं जेवण झालं तरी चाललंच होतं.