पुढचे दोन दात

'त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण होत,' असे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे आणि ते वर्गाकडे पाठ करूनच उच्चारीत असे. माझे वरचे पुढचे दोन दात तिरके तुटलेले होते. लहानपणी कारवारला मी विहिरीच्या पायरीवर पडले. रक्त थांबले याचाच घरात आनंद झाला; दातांची चौकशी कोणी केली नाही.

पुढे हैदराबादेस येऊन मराठी शिकवू लागले. 'चाक' शब्दातील च आमच्या कोंकणीतही आहे. तो मला परका नव्हता. पण त्याच्या जागी शीळच निघे. थंड पाण्याने कळ मस्तकात जाई. मुले हसत नसत, ती गुणी होती. मीच हसत नसे. हसू आलेच तर पदर तोंडाशी जाई.

गेल्या वर्षी संमेलनाच्या तालमीत आठवीतील एक मुलगी हसताना ओढणीने तोंड झाकताना दिसली. दात तर मोत्यांसारखे! कारण विचारले, तर म्हणाली, "बाई, तुम्ही तशाच हसता ना!"

त्याच आठवड्यात मी अफजलगंजच्या सरकारी दंत रुग्णालयात गेले. शेजारी नलगोंड्याकडचा एक तरुण बसला होता. त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. तिकडच्या भूजलात फ्लोराइड फार; दात घडत असतानाच ते पोटात गेले की डाग कायमचा बसतो. तुरटी व चुना घालून असे पाणी शुद्ध करण्याची रीत नागपूरच्या 'नीरी' संस्थेने बसविली. तिला नावही 'नलगोंडा पद्धत' असेच आहे. मी एकदाच पडले होते. तो बिचारा रोज पाणी प्याला होता.

माझे काम एका बैठकीत झाले. दाताचे एनॅमल आम्लाने किंचित खरखरीत करतात, म्हणजे वरचा लेप घट्ट धरतो. ही युक्ती १९५५ साली मायकेल ब्यूनोकोर यांनी प्रसिद्ध केली. मग दाताच्या रंगाच्या राळेचे थर देऊन प्रत्येकावर निळा प्रकाश धरतात. काही क्षणांत तो थर कठीण होतो. "पेरू मात्र दातांनी फोडू नका," डॉक्टरीणबाईंनी बजावले. एवढेच दुःख!

आता मी 'चाक' वर्गाकडे तोंड करून म्हणते. त्या मुलीची ओढणी मात्र अजून अधूनमधून तोंडाशी जाते. परवा मी तिच्या बाकाजवळ उभी राहून मुद्दाम मोठ्याने हसले. बाकीचा वर्ग गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला.