रिकाम्या वाहिनीचे मोल

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरोघरी दिव्यांच्या माळा उजळतात, बाजारपेठा झळाळून निघतात, आणि तो लखलखाट पाहणाऱ्या कोणाचीही सहज अशी समजूत होते की, वर्षातील सर्वाधिक वीज याच रात्री खर्ची पडत असली पाहिजे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कारखान्यांतील यंत्रे पूजेसाठी थांबलेली असतात, कचेऱ्यांना सुटी असते, आणि कारखानदारीचा जो भार उतरतो त्याच्यापुढे पणत्यांच्या शेजारी लावलेल्या विजेच्या माळांचा भार नगण्य ठरतो. त्यामुळे राज्याची विजेची मागणी या दिवसांत चढण्याऐवजी खाली येते. अशा रात्री अतिउच्चदाबाच्या लांबलांब वाहिन्या जवळजवळ रिकाम्या असतात, आणि वाहिनी रिकामी असली की तिच्या अंगच्या विद्युत्‌धारितेमुळे दूरच्या टोकाचा दाब चढू लागतो. तो आवरण्यासाठी उपकेंद्रांतील रिॲक्टर जोडले जातात, आणि तेवढ्याने भागले नाही तर भारप्रेषण केंद्राच्या हुकुमाने एखादी धडधाकट वाहिनी रात्रभर मुद्दाम बंद ठेवावी लागते. जी उभारण्यासाठी वर्षानुवर्षे मंजुऱ्या, मोजण्या आणि मोबदले यांचे दफ्तर वाहिले, तीच वाहिनी आज नको झाली, मग एवढा खर्च केला कशासाठी, असा प्रश्न एखाद्या विचारी नागरिकाने केला तर तो रास्तच म्हटला पाहिजे. पारेषण-नियोजनाच्या कामात उमेदीचा सारा काळ घालवलेला माझ्यासारखा त्याचे उत्तर देणे लागतो.

महाराष्ट्रात वीज जेथे निर्माण होते आणि जेथे खपते त्या स्थळांमध्ये आरंभापासूनच अंतर पडलेले आहे. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज निघाली, तेव्हा घाटाच्या पायथ्यापासून परळपर्यंत मनोरे उभारल्यावाचून तिचा काही उपयोग नव्हता. पुढे भिवपुरी आणि भिरा येथील केंद्रांचीही तीच गोष्ट झाली. साठीच्या दशकात कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे उतरून पोफळीच्या भूगर्भातील यंत्रे फिरवू लागले. आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. परंतु पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातल्यामुळे ही यंत्रे सर्वकाळ चालवता येत नाहीत, ती मागणीच्या ऐन चढाच्या घटकांसाठी राखून ठेवावी लागतात, आणि तेथून निघणाऱ्या वाहिन्या मात्र त्या थोड्या घटकांचा पूर्ण भार पेलतील अशाच बांधाव्या लागतात. दगडी कोळसा तर विदर्भात, आणि त्याच्या विजेचे मोठे गिऱ्हाईक मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिक येथे. ही दोन टोके सांधण्यासाठी चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट दाबाची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी एकदिश प्रवाहाची वाहिनी विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि त्यानंतर तिरोडा, अकोला, औरंगाबाद या मार्गाने ७६५ किलोव्होल्टचा दुसरा राजमार्ग आखला गेला.

अशा जाळ्याची क्षमता किती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. प्रत्यावर्ती प्रवाह कोणाच्या करारनाम्याकडे पाहून वाहत नाही. ज्या वाटेला विरोध कमी त्या वाटेने तो अधिक वाहतो, आणि जाळ्यातील एखादी वाहिनी निखळली की तिचा भार निमिषार्धात शेजारच्या वाहिन्यांवर आपल्याच नियमाने वाटला जातो. त्या वाहिन्या आधीच भरलेल्या असल्या तर त्यांच्या तारा तापतात, तापून लांबतात, लांबून जमिनीकडे झोळ देतात, आणि एखाद्या झाडाच्या शेंड्याशी ठिणगी पडली की दुसरी वाहिनीही बाद होते. म्हणून आमच्या शास्त्रात 'एन मायनस वन' नावाचा जो निकष आहे तो असा की, जाळ्यातील कोणताही एक घटक, मग ती वाहिनी असो वा रोहित्र, अकस्मात बंद पडला तरी उरलेल्यांवर अतिभार येऊ नये आणि ग्राहकाचा दिवा मालवू नये. समजा, एका उपकेंद्राकडे प्रत्येकी ८०० मेगावॅटच्या दोन वाहिन्या जातात. कागदावर त्यांची बेरीज १,६०० होते, परंतु भरवशाने देता येणारी वीज ८०० मेगावॅटच असते. उरलेला अर्धा भाग रिकामा दिसतो, आणि लेखापरीक्षकाच्या नजरेला तो खुपतो. पण संकटाच्या क्षणी नगराचा पुरवठा त्याच रिकाम्या अर्ध्या भागातून टिकून राहतो.

हा रिकामा भाग संपला म्हणजे काय होते ते आपल्या देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी पाहिले. पश्चिम आणि उत्तर विभागांना जोडणाऱ्या दुव्यांपैकी काही त्या वेळी बंद होते. बीना आणि ग्वाल्हेरच्या दरम्यानची एक वाहिनी तर अधिक वरच्या दाबावर नेण्याच्या कामासाठीच बंद ठेवलेली होती. उरलेल्या एका ४०० किलोव्होल्ट वाहिनीवर भार एकवटला, तिच्या रक्षकयंत्रणेने त्या भारालाच बिघाड मानून ती तोडली, आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही त्यात ओढले गेले. पश्चिम विभाग त्या दोन्ही दिवशी बचावला. मला या घटनेतील सर्वांत मोठा धडा वाटतो तो हा की, जाळे बळकट करण्याचे काम चालू असतानाच ते सर्वांत दुबळे असते, आणि म्हणून कोणते काम आधी, कोणते मागाहून, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या पर्यायाच्या भरवशावर करावयाचे, याची तजवीज मूळ नियोजनाइतकीच महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रात तर या तजविजीला सवडीचा महिना सापडत नाही. पावसाळ्यात मागणी उतरते, वाहिनी बंद ठेवणे परवडते. पण चिखलात मनोऱ्याचा पाया खोदता येत नाही, आणि गडगडणाऱ्या आभाळाखाली माणसांना मनोऱ्यावर चढवता येत नाही. पाऊस सरला की ऑक्टोबरची काहिली मुंबईची मागणी वर नेते; ती ओसरते न ओसरते तोच रब्बीच्या पाण्यासाठी लाखो कृषिपंप सुरू होतात आणि दुष्काळी पट्ट्यातील उपकेंद्रांचा दाब खाली ओढतात; आणि पंप थांबेपर्यंत उन्हाळा येऊन ठेपतो. किनाऱ्यालगत आणखी एक संकट आहे. खाडीवरून येणारा खारा वारा विद्युत्‌रोधकांच्या चकत्यांवर मिठाचा आणि धुळीचा थर चढवतो. थर कोरडा असेतो निरुपद्रवी असतो. परंतु हिवाळ्याच्या पहाटे त्यावर दव उतरले की तो वाहक बनतो, चकत्यांवरून निळसर ठिणग्या चटचटत सरकू लागतात, आणि बघता बघता वाहिनी तुटते. हे टाळण्यासाठी त्या चकत्या पावसाळ्यानंतर धुवाव्या लागतात किंवा बदलून बहुलकाचे रोधक बसवावे लागतात, आणि त्या कामासाठी पुन्हा वाहिनी बंद ठेवण्याची परवानगी लागते. दुसरी वाहिनी रिकामी असल्याखेरीज पहिलीच्या अंगाला हात लावता येत नाही.

मुंबईची स्थिती याहून नाजूक. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला वस्ती, आणि विजेची मागणी ४,००० मेगावॅटच्या वर. शहराच्या आसपासची जलविद्युत् केंद्रे, ट्रॉम्बे आणि डहाणू येथील औष्णिक केंद्रे यांच्या बळावर, बाहेरचे जाळे कोसळलेच तर मुंबईने स्वतःला अलग करून तगून राहावे, अशी 'आयलँडिंग'ची योजना येथे दीर्घकाळ होती आणि तिने शहराला अनेकदा तारले. परंतु शहराची भूक वाढत गेली आणि आतली निर्मिती त्या मानाने वाढली नाही, तेव्हा त्या योजनेचा पायाच अरुंद झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास, शहराकडे वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्यावर आयलँडिंगची योजनाही टिकाव धरू शकली नाही. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि साथीने आधीच ग्रासलेल्या शहरातील रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. त्यानंतर ज्या कामांना गती आली त्यांतील खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. जागेच्या टंचाईमुळे विक्रोळीचे उपकेंद्र वायुरोधित पद्धतीने, मजल्यावर मजला चढवून बांधावे लागले. कुडूस ते आरे या १,००० मेगावॅटच्या एकदिश वाहिनीचा मोठा भाग तर भूमिगत आखला गेला, कारण वरून न्यायला वाटच उरलेली नव्हती. ही कामे नव्याने सुचलेली नव्हती. त्यांची गरज नियोजनाच्या दफ्तरी फार आधी नोंदलेली होती.

वाट उरलेली नसणे ही आजच्या पारेषणाची खरी अडचण होय. ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीला सुमारे ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा लागतो. या पट्ट्याखालची जमीन सरकार संपादन करीत नाही; सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते, बुटकी पिकेही घेता येतात, परंतु आंबा लावता येत नाही, घर बांधता येत नाही, आणि मनोऱ्याच्या चार पायांमधली जागा नांगराला कायमची मुकते. १८८५ च्या तार कायद्याखालील अधिकार वापरून जुन्या काळी पिकाचे नुकसान तेवढे भरून देण्याचा शिरस्ता होता. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत मोबदला सुचवला, आणि २०२४ मध्ये तो अनुक्रमे २०० आणि ३० टक्क्यांवर नेला. हा बदल उशिरा झाला, पण न्यायाचा झाला. मोजणीदाराला बांधावरून परत पाठवणारा शेतकरी हा विकासाचा वैरी असतो, हे मत मला कधीच मान्य झाले नाही. त्याच्या शेतावरून जाणारी वीज दूरच्या शहरासाठी असते आणि त्याच्या स्वतःच्या पंपाला ती कित्येकदा मध्यरात्री मिळते, तेव्हा त्याच्या रागात तथ्य असते.

यातून मार्ग निघतो तो बहुधा जुन्याच वाटेवर. नेहमीची पोलाद-ॲल्युमिनियमची तार ७५ ते ८५ अंश तापमानापर्यंत चालवतात; तिच्या जागी उच्च तापमान सोसूनही फारसा झोळ न देणारी नवी तार ओढली की त्याच मनोऱ्यांवरून जवळजवळ दुप्पट भार नेता येतो. गोव्याची वीज मुख्यतः बाहेरूनच येते आणि कोल्हापूर ते म्हापसा ही वाहिनी त्याचा एक प्रमुख आधार आहे. तेथे दुसरा आधार उभारताना मोलेच्या अभयारण्यातून नवी वाट पाडण्याऐवजी पूर्वीच्या २२० किलोव्होल्ट वाहिनीच्याच वाटेचा उपयोग करावा, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयापुढे २०२२ मध्ये मान्य झाला. कांदळवनांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, तीही आवश्यकच आहे. नियोजन वेळेवर आरंभले तर अरण्य आणि वीज यांत निवड करण्याचा प्रसंग क्वचितच येतो. उशीर झाला म्हणजे मात्र प्रत्येक झाड अडथळा वाटू लागते.

आणि उशीर आता पूर्वीपेक्षा महाग पडणार आहे. राज्याची कमाल मागणी ३०,००० मेगावॅटच्या घरात पोचली आहे. सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, त्याची वीज नेणाऱ्या वाहिनीला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्याच्या योजनेने रात्रीचा शेतीभार दिवसाकडे वळत आहे; ही शेतकऱ्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे, पण त्यामुळे दुपारी ज्या उपकेंद्रातून वीज वरच्या जाळ्याकडे चढते, त्याच उपकेंद्राकडे सूर्य मावळताच ती उलट धावू लागते. एकाच दिशेच्या प्रवाहासाठी आखलेले जाळे दोन्ही दिशांनी चालवायचे, तर आज संगणकावर पाचव्या आणि दहाव्या वर्षाचे जे जाळे आम्ही मांडतो, त्यातील एकेक वाहिनी काढून पाहण्याची कसोटी दुपार, सांजवेळ आणि उत्तररात्र या तिन्ही प्रहरांसाठी निरनिराळी घ्यावी लागते. ती कसोटी घेणारे मनुष्यबळ टिकवणे आणि तिचे निष्कर्ष वेळेत मंजूर करणे, या दोहोंत कसूर झाली तर तिचे परिणाम काही वर्षांनी एखाद्या तापलेल्या सायंकाळी भोगावे लागतात, आणि त्या वेळी पैसा ओतूनही वाहिनी रातोरात उभी राहत नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. वीज नियामक आयोगापुढे पारेषणाच्या खर्चाची जाहीर सुनावणी होते, तिच्या नोटिसा वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि त्या बहुतेक जण न वाचताच पान उलटतात. त्या वाचा, सुनावणीला जा. खर्च किती होणार हे अवश्य विचारा. परंतु आपल्या भागाकडे येणारी एक वाहिनी तुटली तर दुसरी तिचा भार घेईल काय, शेतकऱ्याला मोबदला काम सुरू होण्याआधी मिळाला काय, आणि मंजूर झालेले काम कोणत्या वर्षी पुरे होणार, हेही तितक्याच आग्रहाने विचारा. नागरिकांनी हे प्रश्न विचारले, तर दफ्तरात पडून राहणाऱ्या योजना वेळेवर बाहेर येतील.