मेजाखालची पेटी

तारांचा गुंता डोळ्यांआड व्हावा, या हौसेनें गेल्या पावसाळ्यांत आम्हीं घोटींतील आपल्या घरीं सागवानी फळ्यांची एक पेटी करून मेजाखालीं ठोकली व तींत चार-चार तोंडांचे तीन यूएसबी हब एकामागें एक जोडले. संगणकाच्या एका तोंडाचीं दहा तोंडें झालीं! १९९६ सालीं निघालेल्या या पद्धतींत पांच हबांपर्यंत साखळी चालते, असें आम्हीं वाचलें होतें. मग तिहींची काय कथा?

एके दिवशीं एक विद्यार्थी आपल्या दिवंगत आजीच्या जात्यावरील ओव्यांची डिस्क घेऊन आला. मुलगा भातशेतकऱ्याचा. पेटी पाहून म्हणाला, "सर, शेवटच्या खाचरांत पाणी पोंचेल का?" आम्हीं हंसून डिस्क तिसऱ्याच हबास लाविली. निम्म्या ओव्या उतरल्या. डिस्क टकटकली व थांबली. ती पुन्हां उघडलीच नाहीं.

मागाहून उमगलें कीं, पांच हबांची मर्यादा संदेशाची आहे, विजेची नव्हे. यूएसबी २.० चें एक तोंड नियमानें ५०० मिलिअँपिअर वीज देतें. तीच वांटत वांटत शेवटपर्यंत जावयाची. हबांस निराळा वीजपुरवठा हवा, आणि उष्णता कोंडूं नये म्हणून पेटीस भोंकें हवींत.

हें सर्व आतां आम्हीं केलें आहे. उरलेल्या ओव्यांच्या तीन प्रती काढल्या, आणि त्या मुलाची वर्गासमोर क्षमा मागितली. विद्यार्थिमित्रहो, शिक्षकास न दिसलेलें तुम्हांस दिसलें, तर संकोचानें गप्प राहूं नका. आणि आम्ही हंसलों, तर पुन्हां एकदां सांगा.