जाळ्यात काय येईल?

रापण किनाऱ्याला लागू लागली की ओढणाऱ्यांचा आणि बघ्यांचा जीव सारखाच खालीवर होतो. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेले ते लांबलचक जाळे दोन्ही टोकांच्या दोरांनी ओढून आणायचे. त्यात कधी बांगडे, कधी पेडवे, कधी नुसते शेवाळ. काय येणार हे कोणालाच ठाऊक नसते आणि निम्मी गोडी त्या ठाऊक नसण्यातच असते. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील जाळ्याचा दाखला देवगडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आमच्या धर्मग्रामातील थोरामोठ्यांना मोबाईलवर अंगठ्याने एकामागून एक चित्रफिती सरकवताना पाहिले की मला रापण आठवते. पुढे काय येईल? मालवणी विनोद, जहाजावरचा स्वयंपाक की एखादे जुने गीत? निवडण्याचे श्रम नकोसे झालेले असतात. नेटफ्लिक्सने तर २०२१ मध्ये ‘काहीतरी लाव’ अशा अर्थाचे बटणच आणले होते. २०२३ मध्ये ते काढून टाकले. जेवणानंतर चार माणसांचे एका चित्रपटावर एकमत होताना ज्याने पाहिलेले नाही, त्याला त्या बटणाचे नवल वाटणार नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत, किती वेळा चोच मारल्यावर दाणा मिळेल याचा नेम नसला की कबुतर अधिकच चिकाटीने चोच मारीत राही.

अकस्मात हाती येणाऱ्या गोष्टीला मी हसणार नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच केली. इ. स. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत संत ऑगस्टीन यांनी पौलाच्या पत्रांचे पुस्तक उघडले, दृष्टी पडली तो रोमकरांस पत्रातील उतारा वाचला आणि त्यांचे आयुष्य पालटले. पण त्या पुस्तकाने आदल्या दिवशी ऑगस्टीन कोणत्या पानावर रेंगाळले याची नोंद ठेवली नव्हती! मोबाईल ती ठेवतो. आयपॉडवर गाणी खरोखरच वाटेल त्या क्रमाने वाजत, तेव्हा कधी एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येत आणि लोक तक्रार करीत. म्हणून २००५ मध्ये ॲपलने तो क्रम कमी स्वैर करण्याची सोय दिली, कारण तसाच तो अधिक स्वैर वाटे. समुद्राला मात्र ओढणाऱ्याची आवड कळत नाही.

हा फरक मला वेदीवर फार जाणवतो. १९६९ च्या सुधारणेपासून रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने येतात. धर्मगुरूने ती आपल्या मर्जीने निवडायची नसतात. कलमांच्या बागेवरून दोन भाऊ अबोला धरून बसलेले असावेत आणि नेमका त्याच रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला यावा! ‘फादरांनी आमच्यावरच रोख धरला’ असे मग त्यांना म्हणता येत नाही. चक्राला त्यांचे भांडण ठाऊक नव्हते, म्हणूनच ते शब्द त्यांना ऐकावे लागतात.

गेल्या वर्षी एका विधवा मावशीने मला मोबाईल दाखवला. नवरा नाताळात म्हणत असे ते गीत, कोणा परक्याच्या आवाजात, अचानक समोर आले होते. “फादर, ह्या देवानच धाडल्यान ना?” त्या आधी दोन दिवस त्या नाताळगीतेच ऐकत होत्या, हे मला माहीत होते. यंत्राचे गणित सांगावे तर त्यांच्या डोळ्यांतले पाणी खोटे ठरवल्यासारखे होईल. होकार द्यावा तर उद्या त्या पडद्याकडेच देवाचा निरोप मागत बसतील. परमेश्वराने आपल्याला न ओळखणाऱ्या कोरेश राजाकडूनही काम करून घेतले, असे यशया सांगतो; तेव्हा यंत्राला मी सरसकट नाही म्हणू शकलो नाही. मी एवढेच विचारले, “मावशी, पुढचे कडवे कुठे आहे?” फीत अर्ध्या मिनिटातच संपत होती. त्यांनी मोबाईल मांडीवर पालथा ठेवला आणि उरलेली दोन्ही कडवी, नवऱ्याच्या चालीत, स्वतःच म्हटली.